कचऱ्याचा डबा कुठे आहे?

सातवीच्या वर्गाला घेऊन आम्ही दोघे शिक्षक एकदा वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेलो होतो. आमच्यापैकी एक विज्ञान शिकवतो, दुसरा इतिहास. चरखे पाहून झाले, तेलघाणी पाहून झाली, चुली पाहून झाल्या. मुले वहीत चित्रे काढत होती. निघताना एका मुलीने विचारले, "इथं स्वयंपाकघरातलं एवढं सगळं आहे. मग कचऱ्याचा डबा कुठं आहे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. उत्तर दोघांकडेही नव्हते. जाते, उखळ, सूप, रोवळी, चूल या वस्तू जुन्या घरात होत्या हे सगळ्यांना माहीत असते. पण भाजीचे देठ, तांदळाचे धुवण, चुलीतली राख, फुटके मडके हे सगळे कशात टाकत आणि पुढे त्याचे काय होई, याचा विचार आम्ही केला नव्हता. संग्रहालये माणसाने काय घडवले ते जपतात. माणसाने काय टाकले, ते सहसा कोणी जपत नाही.

त्या प्रश्नातून आमच्या शाळेत एक नोंदवही सुरू झाली. मुलांनी घरातली आणि शेजारपाजारची, कचऱ्याशी संबंध असलेली जुनी वस्तू शोधायची आणि चार रकाने भरायचे: वस्तू कोणती? तीत काय पडत असे? ते पुढे कुठे जात असे? आणि ती कोण रिकामी करत असे? पहिले तीन रकाने पटापट भरले. चौथ्याने आम्हाला पुष्कळ काही शिकवले. त्याकडे आपण पुढे येऊ.

डबा आला कुठून?

कचऱ्याच्या झाकणबंद डब्याचा इतिहास फार जुना नाही. पॅरिस शहरात १८८४ साली युजेन पुबेल या प्रशासकाच्या आदेशाने प्रत्येक घरमालकाला भाडेकरूंसाठी झाकणाचे डबे ठेवणे भाग पडले. त्याचा आदेश एका नव्हे, तीन डब्यांचा होता: एक कुजणाऱ्या पदार्थांसाठी, दुसरा कागद व चिंध्यांसाठी, तिसरा काच, चिनी मातीचे तुकडे आणि कालवांच्या शिंपल्यांसाठी. वर्गीकरण ही कल्पना आपल्याला नवी वाटते, पण तिला १४० वर्षे होऊन गेली आहेत. शहरातल्या चिंध्या गोळा करणाऱ्या गरीब लोकांनी या आदेशाला विरोध केला, कारण रस्त्यावर पडलेल्या कचऱ्यावर त्यांचे पोट होते. फ्रेंच भाषेत आजही कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल' म्हणतात.

अमेरिकेत या डब्याला पुढे यंत्रांची जोड मिळाली. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावचे वास्तुविशारद जॉन हॅम्स यांनी १९२७ मध्ये मोरीच्या तोंडाशी बसवायचे, खरकटे दळून गटारात सोडणारे यंत्र तयार केले. त्याच्या विक्रीसाठी त्यांनी कंपनी काढली ती १९३८ मध्ये. मगन संग्रहालयाचे उद्घाटनही त्याच वर्षी झाले. हा निव्वळ योगायोग, पण वर्गात फळ्यावर दोन ओळी शेजारी शेजारी लिहायला तो चांगला आहे.

यानंतर १९६९ मध्ये व्हर्लपूल कंपनीने घरगुती कचरा दाबणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'ट्रॅश मॅशर'. ओट्याखाली बसणारे, पंधरा इंच रुंदीचे, कपाटासारखे दिसणारे हे यंत्र. खाली खण, खणात जाड पिशवी. खण बंद करून कळ दाबली की विजेच्या मोटरवर लांब आटे फिरत आणि एक लोखंडी पट्टा खाली उतरून कचऱ्यावर सुमारे एक टन वजनाइतका जोर देई. डबे, खोकी, बाटल्या चेपून त्यांचा आकार चौथाईवर येई.

जुने यंत्र ओळखावे कसे?

आम्ही वर्ध्यातल्या एकाही स्वयंपाकघरात हे यंत्र पाहिलेले नाही. तरीही त्याची ओळख येथे करून देतो, कारण जुन्या वस्तूचे वय ठरवण्याची रीत त्यातून मुलांना छान शिकवता येते.

पहिली खूण रंगाची. साठ आणि सत्तरच्या दशकांत अमेरिकन स्वयंपाकघरांत तांबूस, ॲव्होकॅडो फळासारखा हिरवट आणि पिकल्या पिकासारखा पिवळा असे रंग चलतीत होते. सत्तरचे दशक सरताना त्यांची जागा बदामी रंगाने घेतली. म्हणून हिरवे किंवा पिवळे यंत्र पहिल्या पिढीतले असण्याचा संभव अधिक. पांढऱ्या यंत्रावरून मात्र काहीच ठरत नाही, कारण पांढरा रंग नेहमीच चालत आला. दुसरी खूण नावाच्या पट्टीची. खण बाहेर काढला की आतल्या चौकटीवर यंत्राचा प्रकार आणि क्रमांक सापडतो. दर्शनी भागावरच्या नावावर विसंबता येत नाही, कारण एकाच कारखान्यात बनलेले यंत्र दुसऱ्या दुकानाच्या नावाने विकले जाई. सिअर्सच्या केनमोर नावाची यंत्रे व्हर्लपूलकडून बनून येत. तिसरी खूण किल्लीची. लहान मुलाने यंत्र सुरू करू नये म्हणून कळीला किल्ली असे. किल्ली हरवलेली असेल तर यंत्र पुष्कळ हातांतून गेले आहे असे समजावे. चौथी खूण वासाची. कित्येक यंत्रांत सुगंधी फवाऱ्याचा डबा किंवा कोळशाची जाळी बसवायची सोय असे.

ही चौथी खूण आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. कचरा दाबणाऱ्या यंत्राला अत्तर का लागावे?

दाबले म्हणजे काय झाले?

सैल कचऱ्यात सर्वांत जास्त जागा व्यापते ती हवा. दाबल्यावर बाहेर जाते तीही हवाच. दहा किलो कचरा दाबून लहान झाला तरी दहाच किलो राहतो. पाणी मात्र दाबून लहान होत नाही. ओला कचरा दाबला की पाणी पिळून पिशवीच्या तळाशी साचते आणि हवा गेल्यामुळे उरलेले पदार्थ कुजताना घाण वास सुटतो.

आता थोडे गणित. श्रीमंत देशांतला सैल कचरा म्हणजे मुख्यतः खोकी, कागद, रिकामे डबे. त्याचे वजन दर घनमीटरला साधारण १०० ते १७० किलो भरते. आपल्यासारख्या देशांत भाज्यांची साले, खरकटे, माती, राख यांचा वाटा मोठा, म्हणून तेच वजन २५० ते ५०० किलोपर्यंत जाते. आता १०० किलोचा सैल कचरा चौथाई आकारात दाबा. घनता किती झाली? ४०० किलो. म्हणजे एवढा खटाटोप करून अमेरिकन यंत्र जिथे पोचते, तिथे आपला कचरा न दाबताच पोचलेला असतो. हे उदाहरण आम्ही सातवीला घातले तेव्हा एका मुलाने लगेच निष्कर्ष काढला, "म्हणजे आपल्याकडं दाबायला काही उरतच नाही." बरोबर आहे. आपल्या कचऱ्याचा प्रश्न हवेपेक्षा पाण्याचा अधिक आहे.

टोपले, गंज आणि उकिरडा

आमच्या नोंदवहीत काय जमले ते पाहू. सर्वांत जुन्या वस्तू 'डबा' नव्हत्याच. बांबूचे टोपले होते, त्यातून केर आणि शेण उकिरड्यावर जाई. धुवणाचा एक गंज होता. त्यात तांदळाचे, डाळीचे धुवण आणि भाजीचे देठ पडत, आणि तो संध्याकाळी गाईपुढे रिता होई. राखेची फुटकी घागर होती; तीतल्या राखेने भांडी घासत आणि उरलेली राख खतात जाई. चिंध्यांचे गाठोडे होते, त्याची वाकळ होई. पऱ्हाटी आणि तुराट्या चुलीत जात, कुटार जनावरांना.

पहिला खरा 'डबा' सापडला तो डालड्याचा. पिवळ्या रंगावर हिरवे झाड असलेला पत्र्याचा डबा, वर तारेची कडी. डालडा भारतात १९३७ मध्ये आला, तेव्हा हा डबा त्याआधीचा असू शकत नाही. त्यानंतर रॉकेलचा चौकोनी डबा, वरचा पत्रा कापून लाकडी मूठ ठोकलेला. मग प्लास्टिकची बादली. आणि शेवटी २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर दारोदार आलेले हिरवे आणि निळे डबे, ओल्यासाठी एक, सुक्यासाठी दुसरा. एकाच गल्लीतल्या चार घरांतून मुलांनी ऐंशी-नव्वद वर्षांचा क्रम लावला.

हा क्रम पाहून म्हणावेसे वाटते, की जुन्या काळी काहीच वाया जात नव्हते. आम्हीही फळ्यावर तेच लिहिले होते. मग चौथा रकाना वाचला.

'कोण रिकामी करत असे?' टोपल्यापुढे लिहिले होते: आजी. गंजापुढे: आई. राखेपुढे: आई. म्हणजे घरातला सगळा कचरा बायकांच्या हातून जात होता. पण गावातल्या जुन्या वाड्यांच्या मागच्या बाजूच्या कोरड्या संडासापुढे काही मुलांनी नुसते 'ते यायचे' असे लिहिले होते. घरच्या मोठ्यांनी तेवढेच सांगितले होते. आणि एका मुलाने लिहिले होते, 'माझी पणजी.' पुढे आणखी एक ओळ होती: 'तिला पैसे कमी आणि शिळं जास्त मिळायचं.'

तांदळाचे धुवण गाईला गेले, शिळी भाकरी वाया गेली नाही, हे खरे. पण ती शिळी भाकरी मजुरी म्हणून एका माणसाच्या पदरात पडत होती. 'काहीच वाया जात नव्हते' या वाक्यात हा माणूस लपलेला असतो. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना शिळ्या-उष्ट्या अन्नावर जगणे सोडा असे बजावले होते, ते याच व्यवहाराविरुद्ध. आम्ही फळ्यावरचे वाक्य पुसले.

मगनवाडीचा धडा

हा माणूस आणि हा कचरा या दोन्हींचा एकदम विचार करणारा एक प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत त्याचे ठाणे पडले आणि गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून तिचे नाव मगनवाडी झाले. संघाचे काम पाहत जे. सी. कुमारप्पा. हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, चिंध्या व रद्दीपासून हातकागद असे उद्योग तिथे चालत. १९३५ मध्ये गांधीजींनी तिथल्या सामूहिक स्वयंपाकघरातही लक्ष घातले. सोयाबीन आणि कच्च्या पालेभाज्या यांचे प्रयोग तिथलेच.

मगनवाडीला लागून सिंदी गाव होते. गावाचा रस्ता हाच संडास. मगनवाडीतले लोक रोज सकाळी फावडी, बादल्या घेऊन तो रस्ता साफ करायला जात. महादेवभाई देसाई त्यांत होते. मीराबेन त्या गावात राहिल्याही. गावकऱ्यांची सवय लगेच बदलली नाही, पण जे काम विशिष्ट जातीच्या माथी मारलेले होते ते इतर लोक उघडपणे करू लागले, ही गोष्ट साधी नव्हती. आमच्या नोंदवहीच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी चौथ्या रकान्यातले नाव बदलले.

तिसरा रकानाही त्यांनी सोडला नाही. उचललेले पुढे कुठे जाणार? येथे विज्ञान आले. जॉर्ज व्हिव्हियन पूर या इंग्रज डॉक्टरचे ग्रामीण आरोग्यावरचे पुस्तक १८९३ साली निघाले होते. त्याचा आधार घेऊन गांधीजी सांगत, की मैला खोल पुरू नये, जमिनीच्या वरच्या नऊ ते बारा इंचांतच पुरावा. कारण हवा आणि सजीव सृष्टी त्या थरात दाट असते. खोल खड्ड्यात टाकलेले लवकर माती होत नाही.

दुसरा आधार इंदूरचा. तिथल्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची पद्धत बसवली. त्यांचे रसायनशास्त्रातले सहकारी होते यशवंत वाड. दोघांच्या नावाचे पुस्तक १९३१ साली निघाले. हिंदी साहित्य संमेलनासाठी एप्रिल १९३५ मध्ये इंदूरला गेले असता गांधीजींनी ही संस्था पाहिली.

इंदूर पद्धतीतली एक गोष्ट वर्ध्याच्या कापूसवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. पऱ्हाटी, तुराट्या यांसारखी कडक धाटे लवकर कुजत नाहीत. हॉवर्ड ती शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवत. बैलगाड्यांची चाके आणि जनावरांचे खूर यांनी ती चेचली जात. मग ती गोठ्यात अंथरायला, आणि तिथून खड्ड्यात. म्हणजे चेपण्याचे यंत्र इंदुरातही होते! पण काम उलटे होते. तिथे चेचायचे ते हवा, पाणी आणि जिवाणू आत शिरावेत म्हणून.

हवा आत, हवा बाहेर

आमच्या मते या सगळ्या इतिहासाचे सार एवढेच आहे. कचऱ्याचा आकार कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, हवा बाहेर काढणे. दुसरा, हवा आत सोडणे. पहिल्यात कचरा तसाच राहतो, फक्त लहान दिसतो. दुसऱ्यात तो कचराच राहत नाही.

खड्ड्यात काय घडते ते पाहू. पालापाचोळा, शेण, मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर देतात. ओलावा पिळलेल्या स्पंजाइतका ठेवतात. जिवाणू आणि बुरशी हे पदार्थ खाऊ लागतात. त्यांच्या श्वसनातून उष्णता निघते आणि मोठ्या ढिगाचे तापमान ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. माश्यांच्या अळ्या आणि कित्येक रोगजंतू या उष्णतेत मरतात. काही दिवसांनी आतली हवा संपते, म्हणून ढीग उलटापालटा करतात. इंदूर पद्धतीत तीन वेळा पालट होतो आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे ३३ ला १ असते, शेवटी ते १० ला १ वर येते. मधला कर्ब गेला कुठे? कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत. म्हणून येथे केवळ आकार नाही, वजनही घटते.

स्वयंपाकघरातल्या देठा-सालांत पाणी आणि नत्र जास्त. पऱ्हाटी, कुटार, वाळला पाला यांत कर्ब जास्त. नुसती साले साठवली तर वास मारतात, नुसती पऱ्हाटी वर्षभर तशीच राहते. दोन्ही मिसळली की काम होते. वर्ध्याच्या हवामानाची अडचण आहेच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की खड्डा वाळून ठणठणीत होतो. त्याला सावली आणि पाणी द्यावे लागते. पावसाळ्यात आपली काळी माती फुगते, पाणी मुरत नाही आणि खड्ड्याची डबकी होते. तेव्हा जमिनीवर ढीग घालणे बरे. हॉवर्डही पावसाळ्यात ढीगच घालायला सांगत. गावोगावच्या उघड्या उकिरड्यांचा दोष इथेच होता. पाऊस नत्र धुऊन नेई आणि माश्या घरात येत.

हवेशिवाय कुजवणे हे नेहमीच वाईट, असे मात्र समजू नये. बंगलोरला सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये बसवलेल्या पद्धतीत ढीग पालटत नाहीत, तो मातीने लिंपून सहा-आठ महिने ठेवतात. मेहनत वाचते, वेळ लागतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले. त्यासाठी २००६ मध्ये संस्थेला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तिथे हवा मुद्दाम बंद ठेवतात, पण निघणारा मिथेन वायू पकडून त्यावर स्वयंपाक करतात. दाबलेल्या पिशवीतून यातले काहीच हाती लागत नाही. खतही नाही, वापरता येईल असा गॅसही नाही.

मग त्या पिशवीचे होते काय? अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठातल्या विल्यम रॅथजी या पुरातत्त्वज्ञांनी १९७३ पासून लोकांच्या कचऱ्याचा अभ्यास सुरू केला आणि १९८७ पासून कचऱ्याचे पुरलेले डोंगर उकरून पाहिले. दशकांपूर्वीची वर्तमानपत्रे सहज वाचता येतील अशी निघाली. जुने खाद्यपदार्थही ओळखू येत होते. दाबून, झाकून, कोरडे ठेवलेले टिकून राहते. आपण लोणचे घालताना फोडी दाबून वर तेल ओततो, ते हवा बंद करण्यासाठीच. कचऱ्याचे असे लोणचे घालून आपण कोणासाठी ठेवणार आहोत?

आजचा चौथा रकाना

घरगुती दाबयंत्र आपल्याकडे रुजले नाही. पण तीच कल्पना मोठी होऊन रस्त्यावर आली आहे. शहरांतून कचरा चेपत जाणाऱ्या गाड्या फिरतात. वाहतुकीच्या फेऱ्या वाचतात, हे खरे. पण ओले आणि सुके एकदा एकत्र चेपले गेले की वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. खरकट्याने माखलेला कागद, साले चिकटलेली पिशवी कोण घेणार? पॅरिसच्या चिंध्यावाल्यांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना बांधली आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा वेगळा उचलू लागली. त्यांचे म्हणणे साधे होते: कचरा आमच्या हातात येण्याआधी वेगळा करा, म्हणजे आमचे हात त्यात बुडणार नाहीत.

माणसाने हाताने मैला उचलण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. बहुतेक कोरडे संडास गेले, पण मिसळलेल्या कचऱ्यात हात घालणारी माणसे राहिलीच. ज्या घरातून वेगळा न केलेला डबा बाहेर पडतो, त्या घराचे काम दुसऱ्या कोणाला तरी करावे लागते.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम पुढे आली. सेवाग्रामच्या शाळेत सफाई आणि स्वयंपाक हे वेळापत्रकातले विषय होते. त्यांतून गणित आणि विज्ञान शिकवावे अशी कल्पना होती. ती सगळी योजना आज उचलता येणार नाही. पण एक गोष्ट उचलता येते. सफाई ही शिक्षा म्हणून द्यायची नाही आणि ठरावीक मुलांवर टाकायची नाही.

वर्गात करून पाहा

एक, नोंदवही. वर सांगितलेले चार रकाने घ्या. वस्तू शाळेत आणण्याचा आग्रह नको. चित्र आणि माप पुरे. वय ठरवताना पुरावा मागा: डब्यावरचे चित्र, पत्र्याचे जोड, घासल्याच्या खुणा, घरच्या मोठ्यांची आठवण. चौथा रकाना भरताना मात्र शिक्षकाने सांभाळून राहावे. कोणाही मुलाला आपल्या घरची गोष्ट वर्गात मोठ्याने वाचायला लावू नये. आम्ही त्या मुलाला आधी विचारले. तो म्हणाला, "वाचा, पण पणजीचं नाव वाचू नका." आम्ही नाव वाचले नाही. वर्ग शांतपणे ऐकत होता.

दोन, दोन बादल्या. सारख्या आकाराच्या दोन जुन्या बादल्या घ्या. दोन्हींत प्रत्येकी तीन किलो भाजीची साले-देठ घाला. पहिलीत ती विटेने दाबून वर झाकण ठेवा. झाकण घट्ट बसवू नका. दुसरीला तळाशी आणि बाजूंना भोके पाडा, सालांबरोबर तेवढ्याच आकारमानाचा वाळला पाला आणि दोन मुठी शेतातली माती मिसळा, आठवड्यातून दोनदा हलवा. महिनाभर दर शनिवारी उंची, वास, तळाचे पाणी आणि तापमान नोंदवा. बादली लहान असल्याने ६५ अंश दिसणार नाहीत. उष्णता बाहेर निघून जाते. मोठा ढीग का हवा, हा प्रश्न मुलांनीच विचारावा म्हणून थांबा. काम झाल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

तीन, वजन. शाळेच्या मध्यान्ह भोजनाचा ओला कचरा आठवडाभर मोजा आणि त्याला किती वाळला पाला लागेल याचा अंदाज बांधा.

आमच्या शाळेच्या मागे आता एक ढीग आहे. तो कोणी पालटायचा याची पाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असते. त्या यादीत आम्हा दोघांचीही नावे आहेत. पुढच्या खेपेला मुलांना घेऊन संग्रहालयात गेलो, तर त्या मुलीला सांगू: डबा इथे नाही, कारण तो एकट्याने काही सांगत नाही. त्याच्या आधी काय होते, त्याच्यानंतर काय होते आणि तो कोणाच्या हाताने रिता होतो, हे मिळून त्याचा इतिहास होतो.